दंडावरचा सेन्सर आणि बोटातला थेंब: बारा आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवून सतत साखर दाखवत राहणारा सेन्सर मी गेले बारा आठवडे वापरतो आहे. १४ दिवस चालणारे असे सहा सेन्सर या काळात लागले. त्यांपैकी एक मुदतीआधी गळून पडला आणि एकाने पहिल्याच दिवशी मान टाकली. मला टाइप २ मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली असून दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते, त्यामुळे बोटाला टोचून स्ट्रिपवर थेंब घेणे दात घासण्याइतके अंगवळणी पडलेले आहे. नवे उपकरण आले तरी ती सवय मी सोडली नाही. उलट पहिले काही आठवडे दोन्ही आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहीत गेलो. हा अभिप्राय त्या वहीच्या आधाराने लिहिलेला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी गाऱ्हाणी माझ्या वाट्याला आलेल्या दोन-तीन नगांची आहेत आणि बाकीची निरीक्षणे या जातीच्या बहुतेक सेन्सरना लागू पडावीत अशी आहेत.

सेन्सर लावणे अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि ॲप्लिकेटर शिक्का मारल्यासारखा दाबायचा. स्प्रिंगचा खटका ऐकू येतो, सुई आत जाऊन क्षणात परत येते आणि मागे एक लवचीक तंतू राहतो. सुईच १४ दिवस अंगात राहते अशी अनेकांची समजूत असते, पण आत राहतो तो जेमतेम ५ मिलिमीटर लांबीचा हा तंतू. दुखण्याचे म्हणाल, तर बोटाची टोचणी याहून झोंबते, कारण बोटांच्या टोकांशी संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते आणि दंडाच्या मागे ती कितीतरी कमी. ‘पूर्ण वाळू द्यायची’ यावर मी भर देतो आहे तो अनुभवाने: पहिल्या वेळी घाई केली, ओलसर त्वचेवर चिकटपट्टी बसली आणि चौथ्याच दिवशी तिची कड सुटू लागली. लावल्यावर तासभर सेन्सर काहीच दाखवत नाही. तंतूवरचे पातळ आवरण शरीरातल्या द्रवाने भिजून विद्युतप्रवाह स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

या तंतूवर काय घडते हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्याचे मोल करता येत नाही, असे माझे मत झाले आहे. तंतूच्या टोकावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेले असते. बहुतेक सेन्सरमध्ये ते ग्लुकोज ऑक्सिडेज असते आणि ते बुरशीपासून मिळवतात. आजूबाजूच्या द्रवातला ग्लुकोजचा रेणू सापडला की हे विकर त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. ते इलेक्ट्रॉन तंतूतल्या इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या टोकापर्यंत पोहोचले की अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. तो नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागतो. ग्लुकोज जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. आपल्याला फोनवर दिसणारा १४३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा म्हणजे या प्रवाहाचे एका सूत्रातून केलेले भाषांतर असते, आणि हे सूत्र माझ्या सेन्सरमध्ये कारखान्यातच ठरवून दिलेले आहे. त्यामुळे वापरणाऱ्याला बोटाच्या आकड्याशी त्याची जुळणी करावी लागत नाही. सोय मोठी आहे. मात्र एखाद्या नगाचे सूत्र तुमच्या अंगाशी जमले नाही, तर तो १४ दिवस इमानाने चुकत राहतो आणि ते सुधारणे तुमच्या हातात उरत नाही.

ही कल्पना जुनी आहे. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर देऊन साखर मोजण्याची युक्ती सुचवली: विकर ग्लुकोज खाताना ऑक्सिजनही वापरते, तेव्हा ऑक्सिजन किती घटला यावरून ग्लुकोज किती होते ते कळते. पुढे ऑक्सिजनऐवजी या क्रियेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर मोजण्याची पद्धत रुळली. घरगुती वापरात मात्र त्या काळी रंग बदलणाऱ्या पट्ट्या होत्या. १९६५ मध्ये आलेल्या अशा पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि उरलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. मला त्या पिढीच्या रुग्णांच्या चिकाटीचे खरोखर आश्चर्य वाटते. विद्युतरासायनिक पद्धत घरात आली ती १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी फेरोसीन हे संयुग इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ म्हणून वापरता येते हे दाखवले आणि १९८७ मध्ये त्या तत्त्वावरचा पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात आला. आज ज्या स्ट्रिपला एक मायक्रोलिटरहूनही कमी रक्त पुरते आणि जी पाच सेकंदांत उत्तर देते, ती त्याच घराण्यातली. दंडावरचा सेन्सर आणि स्ट्रिप ही म्हणजे चुलत भावंडे. एक थेंबभर रक्तात एकदाच काम करून केराच्या डब्यात जाते, तर दुसऱ्याला शरीराच्या आत दोन आठवडे टिकाव धरायचा असतो.

मध्यस्थाची गरज का पडली, हे कळले की सोबतच्या पत्रकातल्या सूचनांचा अर्थ लागतो. (आमच्या घरात ते पत्रक शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच.) त्वचेखालच्या द्रवात ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फारच थोडा असतो, विकर नुसते ऑक्सिजनवर अवलंबून ठेवले, तर साखर वाढत जाते पण प्रवाह एका ठिकाणी अडून बसतो. म्हणून एक तर ग्लुकोजला गाळून थोडे थोडे आत सोडणारे आवरण लागते, नाहीतर ऑक्सिजनचे काम करणारा मध्यस्थ. दुसरी अडचण शेजाऱ्यांची आहे. पेरॉक्साइड मोजायला इलेक्ट्रोडवर साधारण ०.६ व्होल्टचा दाब ठेवावा लागतो आणि तेवढ्या दाबाखाली पॅरासिटामॉल, क जीवनसत्त्व हेही आपले इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात. सेन्सरला तो प्रवाहही साखरेचाच वाटतो आणि आकडा खोटाच वर जातो. मध्यस्थ वापरल्याने दाब बराच कमी ठेवता येतो आणि पॅरासिटामॉलचा उपद्रव घटतो, पण क जीवनसत्त्व तिथेही पुरते सुटत नाही. काही सेन्सरच्या पत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते. सर्दी झाली की फेसाळणारी गोळी पाण्यात टाकून पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अशा एका गोळीत एक ग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व असू शकते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्यांना तर काही सेन्सर चुकीने बरीच जास्त साखर दाखवतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सेन्सर निवडूच नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. तंतू असतो पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवात, आणि रक्तातले ग्लुकोज केशवाहिन्यांतून झिरपून तिथे पोहोचायला वेळ लागतो. साखर स्थिर असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ एकच असतात. ती वेगाने चढत किंवा उतरत असेल तेव्हा सेन्सर पाच ते पंधरा मिनिटे मागे राहतो. विक्रेत्याने हे मला एका वाक्यात सांगितले होते आणि मी मान डोलावली होती. त्याचा अर्थ कळला तो दुसऱ्या आठवड्यात. सेन्सरवर ६० च्या खालचा आकडा पाहून मी ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, दहा मिनिटांनी आकडा आणखी खाली गेलेला दिसला म्हणून घाबरून पुन्हा घेतल्या, तरी तो हलेना म्हणून तिसऱ्यांदा तोंड गोड केले. दोन तासांनी साखर २४० वर होती आणि ती उतरवण्यात रात्र गेली.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक संध्याकाळ वहीत मिनिटांसह नोंदलेली आहे. ५ वाजून ४० मिनिटांनी सेन्सरवर ७२ आणि साखरेची दिशा दाखवणारा बाण सरळ खाली, बोटावर ६३. म्हणजे साखर उतरत असताना सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त सांगत होता, आणि हेच अधिक धोक्याचे आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन घड्याळ लावून बसलो. ५ वाजून ५५ मिनिटांनी सेन्सरवर ५८, बाण अजून खालीच, बोटावर ८१. शरीर सावरले होते, हातांची थरथर थांबली होती, आणि दंडावरचे यंत्र मात्र आता कुठे घसरणीची बातमी देत होते. ६ वाजून १० मिनिटांनी सेन्सर ७९ आणि बोट १०७. त्या दिवसापासून साखर उतरल्यावर घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम मी फक्त स्ट्रिपवर पाहतो. सेन्सरचे श्रेय असे, की बाण खाली वळल्याची सूचना त्याने मला थरथर सुरू होण्याच्या आधी दिली होती, आणि स्ट्रिपला हे कधीच जमणार नाही.

अचूकतेच्या बाबतीत जाहिरातीत एक टक्केवारी दिलेली असते: प्रयोगशाळेतल्या आकड्यापासून सेन्सरचा आकडा सरासरीने किती टक्के दूर राहतो ती. आजच्या चांगल्या सेन्सरमध्ये ती ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. ऐकायला छान वाटते, पण सरासरीच्या पोटात पहिला दिवसही असतो. तंतू घुसल्याने झालेली बारीकशी जखम शमेपर्यंत आकडे भरकटतात. माझ्या वहीत पहिल्या २४ तासांत ३० ते ४० मिलिग्रॅमचे फरक आहेत आणि तिसऱ्या दिवसानंतर बहुतेक ठिकाणी दहा-पंधराचे. म्हणून मी आता नवा सेन्सर रात्री लावतो आणि पहिल्या दिवशी त्याच्या भरवशावर इन्सुलिनचा डोस ठरवत नाही.

स्ट्रिपचा आकडा तरी ब्रह्मवाक्य मानावा का? ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त साखर असताना ९५ टक्के आकडे १५ टक्क्यांच्या आत आणि १०० च्या खाली असताना १५ मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. म्हणजे खरी साखर १८० असेल, तर १५३ दाखवणारा मीटरही उत्तीर्ण आणि २०७ दाखवणाराही. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असेल तर अनेक स्ट्रिपा साखर जास्त दाखवतात, हे ॲनिमिया असलेल्यांनी ध्यानात घ्यावे. आणि हात. एकदा स्ट्रिपवर २३१ आले, सेन्सर मात्र १२१ वर शांत होता. सेन्सर बिघडला असे धरून मी तो काढायला निघालो होतो; तेवढ्यात आठवले, की दहा मिनिटांपूर्वी आपण संत्रे सोलले आहे. साबणाने हात धुऊन, पुसून, पुन्हा टोचले तेव्हा १२८ आले. बोटावरचा रसाचा अदृश्य लेप थेंबात उतरला होता. स्पिरिटच्या बोळ्याने नुसते पुसून तो पुरता जाईलच असे नाही, पाणी हवे. इतकी वर्षे स्ट्रिप वापरून ही चूक मला त्या दिवसापर्यंत कधी पकडता आली नव्हती, कारण पडताळायला शेजारी दुसरा आकडाच नसे.

रात्रीचे खोटे इशारे हा स्वतंत्र त्रास आहे. ज्या दंडावर सेन्सर आहे त्या कुशीवर झोपले, की तंतूभोवतीचा भाग दाबला जातो, तिथला द्रवाचा पुरवठा मंदावतो आणि आलेखात अचानक खड्डा पडतो. रात्री अडीचला कर्कश आवाज, फोनवर ५४, बोटावर ११०. कूस बदलली की वीस मिनिटांत आलेख आपोआप वर. खरी घसरण सहसा उतारासारखी दिसते, दाबाची घसरण कड्यासारखी. हा फरक डोळ्यांना ओळखू येऊ लागेपर्यंत आमच्या घरातल्या दोघांच्याही महिनाभराच्या झोपेची वाट लागली. सर्वांत खालच्या पातळीचा इशारा बंद करता येत नाही, आणि तो तसाच असावा हे मला मान्य आहे.

गाऱ्हाण्यांपैकी पहिले चिकटपट्टीचे. तिसरा सेन्सर नवव्या दिवशी सदरा काढताना बाहीत अडकून निघाला. त्याखालची त्वचा लाल होऊन खाजत होती. काही सेन्सरच्या घडणीत वापरलेले आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे रसायन काही जणांच्या त्वचेला सोसत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. माझे प्रकरण तितके गंभीर नव्हते आणि दर वेळी दंड बदलल्यावर ते थांबले. चौथा सेन्सर तासाभराच्या प्रतीक्षेनंतर ‘सेन्सर बदला’ असे सांगून गप्प झाला. काढून पाहिला तर तंतू गळासारखा वाकडा झालेला होता, म्हणजे तो त्वचेत नीट शिरलाच नव्हता. मदत केंद्रातल्या व्यक्तीचे बोलणे सौजन्याचे होते, पण तिने खोक्यावरचा अनुक्रमांक मागितला आणि खोके मी टाकून दिलेले होते. ॲपमधून क्रमांक शोधून देण्यात दोन दिवस गेले व बदली सेन्सर नऊ दिवसांनी आला. ज्याचा डोस या आकड्यावर ठरतो त्याच्यासाठी नऊ दिवस फार होतात. खोके १४ दिवस जपून ठेवावे, एवढा धडा मी घेतला.

या सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे १४ दिवसांचा अहवाल. दिवसातला किती वेळ साखर ७० ते १८० या पट्ट्यात राहिली, हे तो टक्क्यांत सांगतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी हे प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा. गरोदर स्त्रिया आणि वयोवृद्ध यांच्यासाठी उद्दिष्टे वेगळी आहेत. माझ्या पहिल्या अहवालात पहाटे चारपर्यंत सपाट चाललेली रेघ सात वाजेपर्यंत उपाशीपोटीच ५० मिलिग्रॅमने चढलेली दिसली, तीही जवळजवळ रोज. पहाटे शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडू लागते, हे मी वाचलेले होते, पण सकाळी सातला टोचलेल्या एका थेंबाने ही चढण कधीच दाखवली नसती. त्याने फक्त शेवटची पायरी दाखवली असती. डॉक्टरांनी तो आलेख पाहून रात्रीच्या इन्सुलिनची वेळ बदलली. याच काळात प्रयोगशाळेतले एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्तचाचणी, ७.१ टक्के आले आणि अहवालातल्या १४६ या सरासरीवरून काढलेला अंदाज ६.८ होता. हे दोन आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा ठेवू नये: एक तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात साठलेला हिशेब आहे, दुसरा सेन्सर अंगावर असतानाच्या दिवसांचा.

इन्सुलिन घेणाऱ्याला, विशेषतः ज्याला साखर उतरल्याची लक्षणे जाणवेनाशी झाली आहेत त्याला, मी हा सेन्सर निःसंकोच सुचवीन. केवळ पथ्यावर किंवा साखर फारशी न उतरवणाऱ्या गोळ्यांवर ज्यांचे बरे चालले आहे, त्यांनी वर्षातून दोन-तीनदा एखादा सेन्सर लावून आपला आलेख पाहावा. तेवढे पुरते, आणि बारमाही आकडे बघत बसण्याने काळजीच वाढते. डायलिसिसवर असलेल्यांनी सेन्सर असो वा स्ट्रिप, आधी डॉक्टरांशी बोलावे: पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन असलेला द्रव वापरत असतील, तर पीक्यूक्यू नावाच्या सहविकरावर, म्हणजे विकराच्या मदतनीस रेणूवर, चालणाऱ्या स्ट्रिपा त्यातून बनणाऱ्या माल्टोज या वेगळ्या साखरेलाच ग्लुकोज समजतात, आणि त्यातून चुकीने इन्सुलिन दिले जाऊन मृत्यू घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता.

कंपनीकडे माझी एकच मागणी आहे. फोनवर सर्वांत मोठ्या अक्षरांत आकडा दिसतो आणि बाण त्याच्या शेजारी कोपऱ्यात बारीकसा. हे उलटे हवे. बाण ठळक असावा, पहिल्या दिवशीचा आकडा फिकट रंगात दिसावा आणि साखर वेगाने बदलत असताना ‘बोटावर तपासा’ एवढे दोन शब्द तिथेच उमटावेत. ते होईपर्यंत माझ्या पिशवीत स्ट्रिपची बाटली राहणारच आहे. तिच्या झाकणावर मी ती उघडल्याची तारीख लिहून ठेवतो, कारण हवेतला दमट अंश स्ट्रिपवरच्या विकराला हळूहळू निकामी करतो आणि झाकण सैल राहिलेल्या बाटलीतली स्ट्रिपही आकडा मात्र तितक्याच आत्मविश्वासाने दाखवते.